फोकसची काळी वायर

माझ्या मोटारसायकलच्या पुढच्या गार्डावर दोन जादा दिवे आहेत. आमच्याकडं त्यांना फोकस म्हणतात. ह्या दोन फोकसपायी मी माझ्या सख्ख्या थोरल्या भावाचं मिस्तरीपण घालवलं. दुसऱ्या कुणी नाही, मीच. हे आधीच सांगून टाकतो. पुढं मी मेकॅनिकवर, रस्त्यावर, ट्रॉलीवाल्यांवर कितीही तणतणलो तरी चूक कुणाची होती हे वाचणाऱ्याला ठाऊक असलेलं बरं.

मी शिक्षक. राहतो परभणीत, शाळा बोरीच्या बाजूला एका खेड्यात. शाळेपासून चार-पाच किलोमीटरवर आमचं गाव आणि तिथं दादा. दादा विहिरीवरच्या मोटारींचा मिस्तरी. जळालेली मोटार खोलायची, आतली तांब्याची तार काढून नवी भरायची, पुन्हा विहिरीवर नेऊन बसवायची. त्याची शाळा सातवीत सुटली. सुटली कसली, मला शिकता यावं म्हणून त्यानं सोडली. हे त्यानं एकदाही बोलून दाखवलं नाही. बोलला असता तर मला भांडता तरी आलं असतं.

आमचं घर बौद्धाचं. आज्याच्या काळात गावातल्या ज्या विहिरींच्या पायऱ्या उतरायची आमच्या माणसाला मुभा नव्हती, त्याच विहिरींत दादा दोराला धरून उतरला आणि मोटारी बसवून वर आला. वर आल्यावर मालक त्याला घरातल्या कपात चहा द्यायला लागले, तेही फुकटात झालं नाही, त्याला पंधरा-वीस वर्षं गेली. आधी गावात आमच्या घराचा पत्ता जातीवरून सांगायचे. हळूहळू मिस्तरीचं घर म्हणायला लागले. परगावचा पाहुणा हॉटेलवर चौकशी करायला थांबला तर त्याला सांगायचे, मिस्तरीच्या घरापासून डाव्या हाताला वळा. माझ्या डी.एड.नं आणि नोकरीनं जे झालं नव्हतं ते त्याच्या पक्कड आणि टेस्टरनं झालं. मला गुरुजी म्हणतात, पण ते पगाराला म्हणतात, हे मला कळतं.

फोकस दादानंच बसवले. शाळा सुटल्यावर मी शिष्यवृत्तीच्या मुलांचा जादा तास घेतो. थंडीत तेवढ्यात दिवस मावळतो. त्याच वेळी रस्त्याला ऊस लागलेला असतो. ट्रॅक्टरच्या मागं दोन-दोन ट्रॉल्या, ऊस बाहेर लोंबतोय, मागं लाल दिवा नाही की रिफ्लेक्टर नाही. मरणाऱ्यानं आपलं बघून मरावं असा सगळा कारभार. माझ्या गाडीचा मूळ दिवा म्हणजे नुसता मिणमिणता. दादानं एक अख्खा रविवार घातला. बॅटरीपासून फ्यूज, रिले, स्विच, सगळं जिथल्या तिथं. दोन्ही फोकसची काळी वायर एकत्र करून उजव्या बाजूच्या गार्डाच्या नळीवरून आत नेली, फ्रेमचा रंग खरवडला आणि उघड्या लोखंडावर बोल्ट मारला. करता करता मला सांगत होता की लोक करंट येतो त्या लाल वायरीकडंच बघत बसतात, करंट परत जातो त्या काळीकडं कुणी बघत नाही, आणि गाडीतले निम्मे रोग काळीचे असतात. दिवा चालू-बंद व्हायला लागला तर सामान बदलत बसायचं नाही, दिवा लावून ठेवायचा आणि वायरीवरून बोटं फिरवत जायचं. दुखरी जागा आली की दिवा आपणच सांगतो. मी हूं हूं केलं. मास्तर माणसाला दुसऱ्याचं ऐकायची सवय नसते.

तो हंगाम फोकस झकास चालले. जूनमध्ये शाळा उघडल्या, आभाळ भरून यायला लागलं, मी फोकस लावायला लागलो आणि बिघाड सुरू झाला. तोही कसा, तर गाडी स्टँडवर उभी असली की दोन्ही फोकस लख्ख. रस्त्याला लागलं, खड्डा आला, की दोन्ही एकदम गप. पुढच्या खड्ड्याला पुन्हा चालू. आमच्या रस्त्याला खड्ड्यांची काय कमी! मी आंधळी कोशिंबीर खेळत परभणीला पोचायचो आणि घरी बायकोवर डाफरायचो.

आता साधी गोष्ट होती. ज्यानं वायरिंग केलं तो दादा वाटेवरच राहत होता. शनिवारी सकाळची शाळा सुटली की मी त्याच्याकडं चहाला जायचोच. पण मी गेलो परभणीतल्या मेकॅनिककडं. पहिल्यानं स्विच बदलला. दोन दिवस चाललं, मग पुन्हा तेच. दुसऱ्यानं रिले बदलला, बॅटरीची टोकं घासली. पुन्हा दोन दिवस. मग एका मोठ्या वर्कशॉपात गेलो. काचेचा दरवाजा, भिंतीवर सर्टिफिकेट, माणूस टाय लावलेला. त्यानं हेडलाइट खोलून आत डोकावलं आणि विचारलं, हे कुणी केलंय?

मी म्हणालो, "गावाकडच्या एकानं."

गावाकडच्या एकानं. माझ्यासाठी शाळा सोडलेल्या माणसाला मी हे म्हणालो. तो टायवाला म्हणाला, वाटलंच सर, गावठी काम आहे. आणि मी हसलो. हसण्यासारखं काही नव्हतं, त्याला बरं वाटावं म्हणून हसलो. त्यानं दादाचं वायरिंग उपसून काढलं, नवीन भरलं आणि आता बघायचं काम नाही म्हणाला. आठ दिवसांनी फोकस पुन्हा खड्ड्यागणिक डोळे मिचकावायला लागले.

मधल्या काळात दादानं एकदा विचारलंही होतं, फोकस कसे चालायलेत? मी म्हणालो, ठीक. आता कुठल्या तोंडानं सांगायचं होतं की तुझं काम उपसून टाकलंय? शिवाय माझ्या मनानं तोवर निकाल देऊन टाकला होता. दादाचा चष्मा जुना, एक काडी दोऱ्यानं बांधलेली. बारीक तार डोळ्याच्या अगदी जवळ नेऊन बघायचा. म्हातारा झालाय, नजर गेलीय, कुठंतरी कच्चं ठेवलंय यानं. तिघांनी सामान बदलूनही बिघाड जात नाही म्हणजे मुळातच गडबड आहे, असं माझं गणित. मी गणितच शिकवतो.

दिवाळी झाली, ऊस रस्त्याला लागला. एका संध्याकाळी शाळेतून निघालो. पुरता अंधार नव्हता, पण समोरचं निव्वळ करडं दिसायला लागतं ती वेळ. फोकस चालू होते. एक खड्डा आला, फोकस गेले, आणि पुढच्या क्षणी माझ्या तोंडापुढं उसाची टोकं. ट्रॉली रस्त्यातच उभी करून ड्रायव्हर कुठं तरी तंबाखू मळत बसला होता. मी गाडी खाली घातली. काळ्या रानात पडलो म्हणून वाचलो. कोपर सोलवटलं, गुडघा सुजला, चष्मा फुटला. दोन माणसांनी गाडी वर काढून दिली. वर काढताना धक्का बसला आणि दोन्ही फोकस पुन्हा झगझगीत लागले. त्या उजेडात माझं डोकं सणकलं.

दुसऱ्या दिवशी शाळेला सुट्टी होती. गुडघ्याला पट्टी बांधून मी तसाच दादाच्या दारात गेलो. रब्बीचे दिवस. गव्हा-हरभऱ्याला पाणी सुरू होतं, त्यामुळं मोटारी जळायचा हाच मोसम. अंगणात चार मोटारी उघड्या पडलेल्या आणि चार शेतकरी, चौघंही वरल्या, सवर्णांच्या आळीतले, बाजेवर बसून चहा पीत होते. दादा खाली पोत्यावर बसून तार भरत होता. वहिनींनी माझं कोपर बघून अगबाई केलं. मी कुणाला काही बोलू दिलं नाही.

"जीव गेला असता माझा काल तुझ्या फोकसपायी," मी म्हणालो. "दिसत न्हाई तर काम कशाला करतूस? लोकांच्या जिवाशी खेळतूस व्हय?"

आवाज वर्गातला होता, शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. चौघांच्या बश्या हातात थांबल्या. दादा उठला. गाडीपाशी येऊन उकिडवा बसला. गार्डाच्या उजव्या नळीकडं बघितलं, तिथल्या चिकटपट्टीवर बोट ठेवलं, थोडं दाबलं. मग मान वळवून बाजेवरच्या चौघांकडं बघितलं. आणि उठून म्हणाला, "चुकलं असंल माझं."

मला जे पाहिजे होतं ते मिळालं होतं. चहा न घेता मी निघालो. गाडीवर छाती भरून आल्यासारखं वाटत होतं, तेही लिहून ठेवतो.

गावात असल्या गोष्टीला पाय फुटायला दिवस लागत नाही. सख्ख्या भावाच्या गाडीची वायर ज्याला धड करता आली नाही, तो आपली मोटार काय भरणार! गुरुजी माणूस खोटं बोलंल व्हय? हे सगळं मला नंतर कळलं. त्या चौघांनी आपापल्या मोटारी तेवढ्या भरून नेल्या. पुढची एकही आली नाही. बोरीला एका नव्या पोरानं वायंडिंगचं मशीन टाकलं होतं, लोक तिकडं जायला लागले. वहिनींनी मला एकदा शाळेच्या फाटकापाशी गाठून सांगितलं की दादा सकाळी उठून हत्यारं पुसतो, मांडून ठेवतो आणि दुपारी पुन्हा पिशवीत भरतो. त्या रागावल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली. हॉटेलवर परवा कुणी पत्ता विचारला तर सांगणाऱ्यानं सांगितलं, गुरुजीच्या घरापासून वळा. मी त्या घरात वीस वर्षांत धड महिनाभर राहिलेलो नाही.

फोकसची चालू-बंद मात्र सुरूच होती. जानेवारीत एका सुट्टीच्या दुपारी मी परभणीतल्या घरापुढं गाडी लावली. आता चौथ्या मेकॅनिककडं जायची लाज वाटत होती. वैतागून फोकस लावले आणि दादानं सांगितलेलं आठवून वायरीवरून बोटं फिरवायला लागलो. स्विचपासून सुरुवात केली. काही नाही. रिलेपाशी, हेडलाइटच्या मागं, तिथं सगळं टायवाल्याचं नवं कोरं. काही नाही. मग गार्डाकडं आलो. इथं मात्र वायर जुनीच होती, दादाची. त्या भामट्यानं दिसतं तेवढं बदललं होतं आणि गार्डावरचं तसंच ठेवलं होतं. उजव्या नळीवरच्या चिकटपट्टीला बोट लागलं आणि दोन्ही फोकस विझले. बोट काढलं, लागले. दाबलं, विझले. असं मी किती वेळा केलं कुणास ठाऊक.

चिकटपट्टी सोलली. खाली बायंडिंग तारेचं कडं होतं, गंजलेलं, पक्कडीनं चार पीळ मारलेलं. त्या कड्याखाली काळी वायर चेंगरून चपटी झालेली. वरचं रबर शाबूत, पण आतलं तांबं तुटलेलं. ओढून बघितलं तर ती जागा रिकाम्या आतड्यासारखी लांबली.

ते कडं मीच बांधलं होतं. एप्रिलमध्ये, जयंतीच्या मिरवणुकीत. आमच्याकडं मिरवणुकीच्या सकाळी प्रत्येक गाडीच्या गार्डाला सळई बांधून निळा झेंडा लावतात. झेंडा ताठ राहावा, सळई डुलू नये म्हणून मी पक्कडीनं तार आवळली होती, एकदा नाही, चारदा. तारेची टोकं टोचू नयेत म्हणून वरून चिकटपट्टी गुंडाळली होती. मिरवणूक झाली, सळई वर उपसून काढली आणि कडं तसंच ठेवलं, पुढच्या वर्षी कामाला येईल म्हणून. आमच्या वस्तीतल्या निम्म्या गाड्यांना असं कडं बारा महिने असतं. खाली काळी वायर आहे हे बघायचं माझ्या डोक्यात आलं नव्हतं. दादा म्हणाला होता तसं, काळीकडं कुणी बघत नाही.

मी तिथंच पायरीवर बसलो. बायकोनं विचारलं काय झालं, तर मला रडू फुटलं. पन्नाशीचा बाप्या अंगणात वायर हातात धरून रडतोय हे बघून तिनं आधी अंगणाचं फाटक लावून घेतलं.

त्याच दुपारी दादाकडं गेलो. अंगण झाडलेलं होतं, रिकामं. दादा बाजेवर बसला होता. मी वायरीचा तो तुकडा आणि तारेचं कडं त्याच्या हातात दिलं आणि सांगायला लागलो. त्यानं कड्याकडं बघितलंसुद्धा नाही, नुसतं हातात फिरवत राहिला. तेव्हा माझ्या लक्षात आलं.

"दादा, तुला त्या दिवशीच कळलं होतं?"

"बोट लावलं तवाच."

"मग बोलला का न्हाईस?"

"समद्या परभणीला इचारलंस," दादा म्हणाला. "मला इचारलंस का?"

वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या आणि परत आत गेल्या. मग दादा आपणच पुढं बोलला, हळू, जसं काही माझीच समजूत घालायची होती.

"तरी सांगितलंबी असतं. पर बाजेवर कोण बसलं होतं, ध्यानात हाय का? त्यांच्यापुढं सांगू व्हय, झेंड्याच्या तारेनं वायर तुटली म्हणून? वरीसभर हसले असते. माझ्यावर हसले असते तर चाललं असतं."

एवढंच. त्यानं झेंड्याचं हसं होऊ नये म्हणून आपलं नाव खाली ठेवलं होतं, आणि मी ते तुडवून गाडीला किक मारून निघून गेलो होतो. पाया पडायला वाकलो तर त्यानं पाय वर घेतले.

पुढच्या रविवारी मी सकाळीच गावातल्या हॉटेलवर गेलो. त्या चौघांपैकी तिघं तिथंच होते, चौथ्याला बोलावून आणलं. सगळ्यांपुढं उभं राहून सांगितलं की फोकसचा बिघाड दादाच्या कामाचा नव्हता. मी वरून तार आवळली, माझ्या हातानं वायर तोडली आणि आळ त्याच्यावर घातला. दादाचं काम पक्कं होतं, आजही आहे. एकानं विचारलं, तार कशाची होती? वाटलं, म्हणावं काहीतरी, पिशवी बांधली होती म्हणावं. पण आणखी एक खोटं माझ्यानं झेपलं नसतं. जयंतीचा झेंडा बांधला होता, त्याची, असं मी सांगितलं आणि त्यांच्या तोंडाकडं बघत राहिलो.

कुणी हसलं नाही. सगळ्यात वयस्क होता त्यानं मान हलवली आणि म्हणाला की त्याच्या पोरानं गाडीला भगवा बांधला तेव्हा असंच झालं होतं, हॉर्न बंद पडला होता, चार दिवस शोधत होते. दुसरा म्हणाला, "मंग मिस्तरी त्या दिवशी बोलला कामून न्हाई?" त्याला मी काय सांगणार होतो! मी म्हणालो, त्याचा स्वभाव तसा आहे. मोटारींचं विचारलं तेव्हा ते जरा इकडं तिकडं बघायला लागले. बोरीचं पोरगं एका दिवसात भरून देतंय, मशीन हाय त्याच्याकडं, म्हणाले. मिस्तरीचं काम चांगलंच होतं, त्यात वाद न्हाई. होतं म्हणाले. बघू पुढल्या साली. माझ्या चहाचे पैसे त्यांनीच दिले.

तिथून दादाकडं आलो. तो पोत्यावर बसून हत्यारं पुसत होता. मी हॉटेलवर गेलो होतो हे त्याला आधीच कुणीतरी सांगितलेलं होतं. त्यानं मोटारींचं काही विचारलं नाही. पक्कड फडक्यात धरून खाली मान घालूनच विचारलं, "झेंड्याचं सांगितलंस?"

"सांगितलं."

"लय हसले आसतील."

"न्हाई दादा. कुणीच हसलं न्हाई. एकाच्या घरीबी तसंच झालं होतं म्हणाला, भगव्याच्या तारेनं."

दादानं चष्मा काढला. काडीचा दोरा सुटला होता, तो पुन्हा गुंडाळत बसला. गाठ दोनदा चुकली. मी मदतीला हात पुढं केला, तर त्यानं चष्मा बाजूला घेतला.

"हसले न्हाईत?" त्यानं पुन्हा विचारलं.

"न्हाई."

"मंग मी उगंच गप बसलो की रं," दादा म्हणाला.